वर मयत, खाली साक्षीदार

मला लिहिता येतं ते सहीपुरतं आणि त्याच्या थोडं पुढं. शाळा दुसरीत सुटली. मास्तरांनी हाकललं नाही, मीच उठून आलो. तेव्हा इथं एखादं जोडाक्षर चुकलं तर वाचणाऱ्यानं ते नीट करून वाचावं. मी एकदा लिहिलेलं खोडत नाही. अर्जातलंही खोडलं नव्हतं, आणि सांगायचंय ते त्या अर्जाचंच.

लढाई संपली आणि नगरच्या लष्करी वर्कशॉपमधून आम्हाला घरी बसवलं. गोऱ्या साहेबानं जाताना प्रत्येकाच्या हातात इंग्रजीत एक चिठ्ठी दिली. माझ्या चिठ्ठीत काम समाधानकारक असल्याचं होतं, नंबर माझा होता, आणि नाव मात्र असं लिहिलेलं की वाचणाऱ्याला वाटावं हा माणूस बंगालातून आला असेल. ती चिठ्ठी घडी घालून टोपीत ठेवली आणि घरी आलो.

पारनेरकडं थोरल्या भावाची कोरडवाहू जमीन होती. गेलो असतो तर भाऊ नाही म्हणाला नसता. पण वाढताना वहिनीनं एकदा जरी भाकरीच्या टोपलीकडं वळून बघितलं असतं, तर मला घास उतरला नसता. मी मंडळींना सांगून टाकलं, मी इंजिनावर हात फिरवणारा माणूस आहे, बैलाच्या शेपटीमागं चालायला आता जायचा नाही.

ती म्हणाली, "नका जाऊ की. पर इंजिन कुठं हाय? का चुलीपाशी आणून ठिवताय?"

आणि त्याच आठवड्यात राहात्याच्या बाजारावरून आलेला एक ओळखीचा गाडीवान ओट्यावर टेकला. पाणी प्याला आणि म्हणाला, "तुमचा तो जिनिंगवाला उस्ताद गेला हो. हिवतापानं. पावसाळ्यातच गेला. कारखान्यात जागा रिकामी हाय त्याची."

मरणाची बातमी आणि जागेची बातमी एकाच दमात, एकाच तोंडातून आली. मी त्याला परत म्हणायला लावलं. त्यानं परत तसंच सांगितलं, मधी श्वाससुद्धा न घेता.

उस्ताद म्हणजे कोण ते सांगायला हवं. शेवगावकडं सरकी काढायचं जिनिंग होतं, तिथं वाफेचं इंजिन होतं. मी तिथं तेलाचं बोळकं घेऊन फिरणारा होतो, आणि उस्ताद इंजिनाचा मिस्त्री. त्यानं मला मिस्त्री केलं. कसं केलं ते मला सांगता यायचं नाही. तो शिकवतोय असं कधी वाटलं नाही, फक्त शिव्या ऐकू यायच्या. त्याला घरदार नव्हतं. कुणी विचारलं तर इंजिनाकडं बोट करून म्हणायचा, "ही काय बसलीये." पुढं तो कालव्याच्या पट्ट्यात साखर कारखान्यावर गेला, मी लढाईच्या वर्कशॉपमध्ये गेलो. जाताना आम्ही काही बोललो नाही. त्यानं माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि दुसरा, चांगला दिला, एवढंच.

कारखान्याच्या जागेला अर्ज लागतो असं गाडीवानानं सांगितलं होतं, आणि तो इंग्रजीत. नगरला कचेरीसमोर लिंबाखाली एक पंत बसायचे. पुढ्यात उतरतं मेज, कानावर टाक, डोक्यावर पगडी नव्हती पण असल्यासारखी मान धरायचे. पिढ्यान्‌पिढ्या लिहिण्यावर जगलेलं घराणं. लोक त्यांच्याकडं जमिनीचे, भांडणाचे, नोकरीचे अर्ज करून घ्यायला यायचे.

"बसा मिस्त्री," ते म्हणाले. "काय काय येतं?"

"इंजिन येतं."

"इंजिन येतं म्हणजे काय? इंजिन स्टेशनात येतं. तुम्हाला काय येतं?"

मला राग आला. मी म्हणालो, "पडंल ते करतो."

"पडेल ते हमाल करतो. हमालाला अर्ज लागत नाही." त्यांनी टाक कानावरून काढला. "हे बघा, साहेबाच्या मेजावर अर्जांची चळत असते. बहुतेकांनी लिहिलेलं असतं, मी गरीब, मी प्रामाणिक, माझी म्हातारी आजारी. साहेबाला म्हातारीशी काय करायचंय? त्याला इंजिन चालवायचंय. तेव्हा आधी कोणती जागा हवी ते. मग तुम्ही हातानं काय केलंय ते, एकेक सुटं. मग कुठं केलं. मग कोण सांगेल की खरंच केलं. या क्रमाने. बारा वर्षं काम केलेला माणूस शिकाऊ पोरासारखा हात जोडून उभा राहिला की साहेबाला शंका येते."

हे मला पटलं. हात जोडायचे नाहीत म्हटल्यावर मी मांडी घालून नीट बसलो.

"बोला. पहिलं काय केलंत?"

मी सांगायला लागलो. व्हॉल्व घासून बसवले. कुठं? शेवगावला. कुणी शिकवलं? उस्तादानं. पट्टा तुटला तो चालत्या हंगामात जोडला. एकट्यानं? नाही, दुसरं टोक उस्तादानं धरलं होतं. बेअरिंग ओतलं. शिसं कुणी वितळवलं? मी. आणि साचा? उस्तादानं. वाफेच्या नळाची गळती आवाजावरून ओळखतो. हे मी अभिमानानं सांगितलं, आणि तोंडातून शब्द निघतानाच आठवलं की गळती मी कधीच आधी ओळखली नव्हती. उस्ताद मान तिरकी करायचा आणि मी त्याची मान बघायचो.

पंतांनी टाक खाली ठेवला. "मिस्त्री, हा अर्ज तुमचा आहे की त्याचा?"

लिंबाचा पाला त्यांच्या कागदावर पडत होता, ते तो फुंकरीनं उडवत होते. मला तेव्हा पहिल्यांदा तसं झालं. पाठीमागं कुणी तरी उभं आहे, आणि मी काय सांगतो ते ऐकतंय. वळलो तर एक बाई वाटणीच्या अर्जासाठी पाळी धरून बसली होती. तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

"ते सगळं माझ्या हातानं झालंय," मी म्हणालो. "माझंच लिहा."

"लिहितो." त्यांनी लिहिलं. मग वरच्या ओळीवर आले आणि मला कळावं म्हणून मराठीत वाचून दाखवलं. "आपल्या कारखान्यातील इंजिन-मिस्त्री अमुक अमुक हे मयत झाल्याने त्यांची जागा रिकामी झाली आहे असे खात्रीलायक समजते, तरी सदर जागेसाठी..."

"रिकामी लिहू नका."

"का?"

"मला बरं वाटत न्हाई."

"अहो, रिकामी नसेल तर तुम्ही बसणार कुठे? त्याच्या मांडीवर?" पंत हसले. पाळी धरून बसलेली बाई पदराआड हसली. मी हसलो नाही. आमच्याकडं जिथं माणूस गेला त्या ठिकाणाला जागा म्हणतात, आणि तिथं काही वाईट अनुभव आला की म्हणतात, तिथं जागा हाय. पंतांच्या तोंडात जागा म्हणजे नोकरी. माझ्या कानात दोन्ही वाजत होतं.

पंत म्हणाले, ही ओळ अशीच असते, गेली तीस वर्षं मी ती अशीच लिहितोय, ती काढली तर साहेबाला कळायचं नाही की तुम्हाला शिपाई व्हायचंय की मिस्त्री. मी ती ओळ राहू दिली. मग ते अर्जाच्या शेवटाला आले.

"कुटुंब मोठे असून चार मुले आहेत, हे घालतो."

"आमी दोघंच हाय."

"मला ठाऊक आहे. तरी घालायचं असतं. शेवटी थोडी दया लागते, चटणीसारखी."

"आताच म्हणलात हात जोडायचे न्हाईत. खोटी पोरं मी लिहून घेनार न्हाई."

"अहो, कागदावरची पोरं जेवायला मागत नाहीत!"

"न्हाई म्हंजी न्हाई."

त्यांनी ती ओळ सोडली, पण तोंड वाकडं केलं. आता राहिलं एकच. काम ठाऊक असलेला प्रतिष्ठित गृहस्थ, ज्याला साहेब विचारू शकेल. गोऱ्या साहेबाची चिठ्ठी होती, पण तो बोटीवर बसून गेला होता.

"गावचे पाटील?" पंतांनी विचारलं.

"पाटलानं इंजिन बघितलंय का?"

"शाळामास्तर?"

"त्यांचं आन् माझं दुसरीतच तुटलं."

"मग कोण?"

मी म्हणालो, "उस्ताद. माझं काम त्याच्याइतकं कुनाला ठाऊक न्हाई. त्याचंच नाव घाला."

पंतांनी माझ्याकडं असं बघितलं जसं वैशाखात ऊन डोक्यात गेलेल्याकडं बघतात. "मिस्त्री, तो मेला म्हणून तर ही जागा आहे. वर मयत आणि खाली साक्षीदार! साहेबानं विचारायचं कसं, पळी-पंचपात्री घेऊन?"

"कसं विचारायचं ते साहेब बघंल. दुसऱ्या कुनाचं नाव घातलं तर ते खोटं हुईल. पाटलानं सांगितलं म्हनून मी मिस्त्री ठरायचो न्हाई."

त्यांनी खूप समजावलं. मी ऐकलं नाही. शेवटी त्यांनी उस्तादाचं नाव घातलं आणि म्हणाले, "जसं सांगाल तसं लिहिणारा मी. पण हे लक्षात ठेवा, कागदावर नाव घालून बोलावणं म्हणजे समन्स. आलं तर माझ्याकडे येऊ नका." ते थट्टेत म्हणाले. मी मात्र तो कागद टोपीत ठेवला नाही, हातात धरून आणला.

कारखान्यावर अर्ज घेऊन मी स्वतः गेलो. इंजिनियर साहेब देशी होते, मुंबईकडचे, तरुण. कारकुनानं अर्ज मोठ्यानं मराठी करून वाचला. व्हरांड्यात भट्टीवर काम करणारे आगवाले हजेरीला उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं. शेवटचं नाव आलं तसा त्यांचा मुकादम, दाढी पांढरी झालेला माणूस, एक पाऊल मागं सरला.

साहेब म्हणाले, "हा गृहस्थ वारलाय. ठाऊक नाही का?"

"ठाऊक हाय."

"मग?"

"त्यानं शिकिवलंय ते हातात हाय. तेच इचारा."

साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. कामं सुटी-सुटी लिहिली होती त्यावर त्यांनी बोट फिरवलं, पंतांचं ते खरं ठरलं. म्हणाले, दसऱ्यानंतर बॉयलर पेटणार. तोवर नळ, इंजिन सगळं तयार करायचं. पहिली वाफ नीट इंजिनापर्यंत गेली तर कायम, नाही तर आपल्या घरी.

मला एवढंच हवं होतं. माझ्या हातावर ठरणार होतं, कुणाच्या मेहेरबानीवर नाही.

पण आगवाले माझ्याजवळ येईनात. नळाखाली एकानं टेकू धरायचा तर कुणी धरेना. मी मुकादमाला विचारलं.

तो म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या कामाचं आमाला काय बी म्हननं न्हाई. पर तुमी त्याला बोलावलंय. तोंडानं न्हाई, कागदावर. कागदावर बोलावलं की यावंच लागतं. मामलेदार कचेरीचं समन्स आलं तवा मी तापात गेल्तो, तसं."

"मेलेल्याला कागद पोचतो व्हय?"

"पोचला का न्हाई ते पहिल्या वाफंला कळंल," तो म्हणाला आणि फावडं उचलून निघून गेला.

इंजिनापाशी भिंतीला लागून एक लाकडी खोकं पालथं घातलेलं होतं, वर गोणपाटाची घडी. उस्तादाची बसायची जागा. तो गेल्यापासून तिच्यावर कुणी बसलं नव्हतं, झाडणारासुद्धा भोवतीनं झाडायचा. मी मुद्दाम बसलो, सगळ्यांच्या देखत, भर दुपारी. गोणपाट उबदार लागलं. बॉयलरची भिंत पाठीला असल्यावर ते उबदारच लागणार, असं मी मनाशी म्हटलं. मग ध्यानात आलं की बॉयलर पावसाळ्यापासून थंड आहे. पत्र्यातून ऊन येत असेल. मी वर बघितलं. पत्रा धड होता. तरी मी उठलो नाही. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत बसून राहिलो, आणि त्यानंतर रोज तिथंच बसलो. बाकीच्यांना वाटलं हा भीत नाही. खरं म्हणजे उठलो असतो तर पुन्हा बसायचं धाडस झालं नसतं.

कारखान्याजवळ खोली घेऊन मंडळींना आणलं होतं, पण तिला हे सांगितलं नाही. ती मात्र म्हणाली, "तुमी झोपंत मान तिरकी करताय आजकाल. काय ऐकताय?"

पहिल्या वाफेचा दिवस आला. भट्टीची पूजा झाली, नारळ फुटला, गुलाल उधळला. सकाळपासून लाकडं आणि चिपाडं घालून घालून दुपारी वाफेच्या दाबाचा काटा हवा तिथं आला. साहेब माझ्या शेजारी उभे राहिले. म्हणाले, "सोडा."

मी व्हॉल्वचं चाक फिरवलं. वाफ थंड नळात शिरली, सूंऽऽ करत पुढं गेली. सगळे बघत होते. आणि नळ वाजला.

एकदा वाजला, मग जरा थांबून परत. मग घाईघाईनं, ठक ठक ठक, जसं कुणी पाना घेऊन आतून ठोकतंय. भट्टीपाशी एकाचं फावडं हातातून पडलं. मुकादमानं दोन्ही हात कानाला लावले.

"त्योच!" तो ओरडला. "आमी डुलकी घेतली की असंच ठोकायचा नळावर! उठा रं म्हनायचा, आन् असंच!"

आता इंजिनावरचा कुणीही सांगेल, थंड नळात वाफेचं पाणी होतं, ते पाणी नळात साचतं आणि मागून येणारी वाफ त्याला ढकलून आपटते. नळ ठोकल्यासारखा वाजतो. फार वाजू दिलं तर नळ फुटतो. खालची तोटी उघडून पाणी काढायचं, की झालं. हे मला ठाऊक होतं. त्या वेळीही ठाऊक होतं. तोटी माझ्या पायाशी होती.

माझा हात गेला नाही. माझी मान तिरकी झाली होती आणि मी ऐकत होतो. ते ठोके मला नुसते ठोके लागत नव्हते. त्यात शिवी होती. जिनिंगमध्ये मी चुकलो की जशी असायची, तशी, प्रेमाची आणि घाईची.

"पाणी!" साहेब ओरडले. "पाणी आहे, तोटी सोड!"

मी खाली वाकलो आणि तोटी सोडली. तांबडं पाणी फर्रकन बाहेर आलं, मग पांढरं, मग नुसती वाफ. नळ गप्प झाला. मी तोटी बंद केली. वाफ इंजिनापर्यंत गेली, दट्ट्या हलला, चाक फिरलं.

साहेबांचा चेहरा मात्र उतरला होता. ते माझ्याकडं वळले. "का थांबलास? नळ फुटला असता."

मला खोटं बोलता आलं असतं, म्हणता आलं असतं की तोटी अडकली होती. पण अर्जात खोटी पोरंसुद्धा घातली नव्हती. म्हणालो, "ऐकत हुतो."

"काय ऐकत होतास?"

नोकरी गेली हे मला कळलं. पारनेरची वाट, भावाचं दार, सगळं समोर आलं. तेवढ्यात मुकादम पुढं झाला. कानावरचे हात काढून त्यानं ते साहेबांपुढं जोडले.

"साहेब, साक्ष चालली हुती. कचेरीत साक्ष चालल्यावर मधी कोन बोलतं का? त्यानं साक्ष दिली. आमी समद्यांनी ऐकली. ठेवा ह्याला."

मागून आगवाले म्हणाले, "व्हय साहेब, ठेवा."

साहेबांनी फिरत्या चाकाकडं बघितलं. मग हसले, थकल्यासारखं. "चाक तर फिरलंय," ते म्हणाले. "पण यापुढे मी ओरडायची वाट बघायची नाही." आणि मला ठेवलं.

घरी गेलो तेव्हा मंडळींनी पेढे वाटले. मी पेढा हातात धरून बसलो. तिला वाटलं दमलोय. मला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि तरी मिळालं नव्हतं. मला माझ्या हातावर जागा हवी होती. हात तर जागच्या जागी थांबला होता. पाणी ओळखलं साहेबांनी. बोलला मुकादम. आणि त्याआधी कुणी तरी ठोकलं. पुढं आगवाले माझ्याशी प्रेमानं वागले, टेकू धरायला धावायचे, पण एकमेकांत माझं नाव घेत नसत. म्हणायचे, "उस्तादानं ठिवलेला."

मी अर्धं आयुष्य तिथं काढलं. दर हंगामाला पहिल्या वाफेआधी मी तोट्या आधीच सोडून ठेवायचो, नळ कोरडा करायचो, आणि नळ कधी वाजायचा नाही. आगवाले माझ्याकडं बघायचे. मुकादम जिवंत होता तोवर विचारायचा, "यंदा बी न्हाई का वो?" मी म्हणायचो, "पानीच न्हाई तर वाजंल कसं?" त्याला ते खरं वाटायचं नाही. मलाही पूर्ण वाटायचं नाही.

मुकादम गेला त्याच्या पुढच्या हंगामाला मी मनाशी ठरवलं, एकदा सोक्षमोक्ष लावायचा. ते पाणी होतं का तो होता. त्या साली मी तोट्या बंद ठेवल्या. नळ थंड होता, बाहेर हवाही थंड होती. साहेब आता दुसरे होते, त्यांना काही सांगितलं नाही. चाक हळूच फिरवलं, पहिल्या सालासारखंच, आणि एक हात तोटीवर ठेवून मान तिरकी केली.

वाफ गेली. सूंऽऽ आवाज झाला. मी थांबलो, जेवढा थांबायला नको तेवढा थांबलो. नळ वाजला नाही.

मग मी तोटी सोडली. पाणी आलं. तांबडं, भरपूर, पाय भिजेपर्यंत आलं.